केळ्यातलं सेरोटोनिन मेंदूपर्यंत पोहोचत नाही

"केळ्यात सेरोटोनिन असतं. शरीरातलं 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं. म्हणजे डिप्रेशन हा पोटाचा आजार. रोज रात्री दोन केळी खा, गोळ्या बंद करा." फॅमिली ग्रुपांवर फिरणाऱ्या या फॉरवर्डमधली पहिली दोन वाक्यं खरी आहेत. म्हणूनच तो पटतो. सेरोटोनिन म्हणजे पेशींमध्ये निरोप पोहोचवणारं एक रसायन, मूडशीही जोडलेलं.

आधी केळं. त्यातल्या बहुतेक सेरोटोनिनचं आतडं आणि यकृत मिळून 5-एचआयएए नावाचं टाकाऊ रसायन करून टाकतात, आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. कार्सिनॉइड ट्यूमरचा (सेरोटोनिन बनवणाऱ्या गाठीचा) संशय असला की 24 तासांची लघवी तपासतात. त्याआधी दोन-तीन दिवस केळी, अननस, अक्रोड बंद ठेवायला लॅबवाले सांगतात ते यासाठीच. नाहीतर आजार नसतानाही आकडा वाढलेला दिसतो. रक्तात जे थोडंफार उरतं, त्याला मेंदूच्या रक्तवाहिन्यांची घट्ट भिंत आत घेत नाही. डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचीही तीच गत, म्हणून पार्किन्सनच्या रुग्णाला डोपामिन न देता लेव्होडोपा देतात, ते आत जाऊन डोपामिन बनतं.

"पण ट्रिप्टोफॅन तर आत जातं ना?" जातं. ट्रिप्टोफॅन हे अन्नातलं एक अमिनो आम्ल, मेंदू त्यापासूनच स्वतःचं सेरोटोनिन बनवतो. मात्र एका केळ्यात ते जेमतेम 10 मिलिग्रॅम असतं, आणि 60 किलोच्या माणसाची रोजची गरज आहे सुमारे 240. शिवाय ल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन वगैरे अमिनो आम्लं त्याच वाहकावरून आत शिरायला टपलेली असतात. डाळ, दूध, अंडी यांतून ट्रिप्टोफॅन जास्त मिळतं, पण त्याचे हे स्पर्धकही त्याहून जास्त येतात.

आता ते 90 टक्के. आतड्यातलं बहुतेक सेरोटोनिन टीपीएच1 या एन्झाइमने बनतं, मेंदूतलं टीपीएच2 ने. दोन्ही साठे वेगळे. पोटातलं आतड्याची हालचाल सांभाळतं, रक्तातलं प्लेटलेट्स साठवून ठेवतात. पोट मेंदूला निरोप धाडतं, तो व्हेगस नर्व्ह या पोट आणि मेंदूला जोडणाऱ्या नसेमार्फत. केमोथेरपीत आतड्यातून सेरोटोनिन भसाभस सुटतं तेव्हा हा निरोप आनंदाचा नसतो, उलटीचा असतो! ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीवरचं औषध तोच अडवतं.

गोळ्यांबद्दल. "सेरोटोनिन कमी पडलं, गोळीने भरून काढलं" हे समीकरण दवाखान्यातही ऐकू येतं, पण ते फार ढोबळ आहे. एसएसआरआय या डिप्रेशनवरच्या गोळ्या सुटलेलं सेरोटोनिन पेशीत परत ओढणारा पंप काही तासांतच अडवतात. मनाला उतार पडायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला पेशींचे स्वतःचेच रिसेप्टर (सेरोटोनिन टिपणारे भाग) ते आणखी सोडण्याला ब्रेक लावतात, ते हळूहळू सैल होतात. गोळी एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, डोक्यात करंट बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात. पॅरॉक्सेटिनसारख्या लवकर शरीराबाहेर जाणाऱ्या औषधांत हे जास्त, फ्लुऑक्सेटिनमध्ये कमी. डोस उतरवायचा तो डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने.

केळी खुशाल खा, गोळ्यांशी त्यांचं वैर नाही. पण अशाच फॉरवर्डच्या नादाने ऑनलाइन मिळणाऱ्या 5-एचटीपी कॅप्सूल या गोळ्यांच्या जोडीला घेऊ नका. 5-एचटीपी हा सेरोटोनिनचा कच्चा माल, तो मेंदूत शिरतो आणि गोळीच्या जोडीला सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकतं. थरथर, घाम, ताप, स्नायूंची अकड, गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा, आणि काय काय घेतलंय ते तिथे सांगा.