दुकानाच्या नावाचं पाकीट म्हणजे टाकाऊ माल नव्हे

गेल्या आठवड्यात मावशीने न फोडलेलं सामान टाकून द्यायला काढलं होतं. मीठ, साखर, दुधाचे खोके, डोकेदुखीच्या गोळ्या, सगळं सुपरमार्केटच्या स्वतःच्या नावाचं. कारण एक फॉरवर्ड मेसेज. मावशीचं घर पेन्शनवर चालतं, हे सामान ती हिशेब करून घेते. “अगं, एवढे लोक पाठवतायत, म्हणजे काहीतरी असेलच ना,” असं तिचं म्हणणं. त्यात काय आहे आणि काय नाही ते नीट सांगायचं म्हणून हे लिहितेय, आणि रागातच लिहितेय.

मेसेज थोडक्यात असा. दुकानाच्या ब्रँडचा माल म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नाकारलेला माल. बारकोड २ ने सुरू झाला तर तो एक्स्पायरी उलटून पुन्हा पॅक केलेला. दुधाच्या खोक्याच्या तळाशी जो आकडा असतो, तितक्या वेळा ते दूध परत उकळून भरलेलं. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव नसतं, म्हणजे लपवाछपवी. चव घ्या, फरक कळेल. आणि शेवटी, चार पैशांसाठी लेकरांच्या पोटात कचरा घालू नका.

आधी दुधाचं बघू, कारण सर्वांत जास्त लोक त्यालाच घाबरलेत. खोक्याचा कागद रुंद रोलवर छापला जातो. त्या रुंदीत खोक्यांचे अनेक पट्टे शेजारी शेजारी बसतात आणि मग रोल उभा कापतात. तळाचा आकडा सांगतो की हा कागद कितव्या पट्ट्यातला. छपाईत किंवा घडीत खोट निघाली, तर ती कुठून आली हे शोधायला तो असतो. हा आकडा ब्रँडेड दुधाच्या खोक्यांवरही असतो. मेसेज लिहिणाऱ्याने एक महागडा खोका उलटा करून पाहिला असता तरी पुरे होतं.

आणि हे छपाईचं माहीत नसलं तरी दूध तापवणाऱ्या माणसाला शंका यायला हवी होती. नासायला लागलेलं दूध तापवलं की ते फाटतं. आंबटपणा वाढलेल्या दुधातलं प्रथिन उष्णता सोसत नाही. महिनोन्‌महिने टिकणारं खोक्यातलं दूध काही सेकंद १३५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला नेतात. आंबलेलं दूध त्यात घातलं तर यंत्राच्या नळ्यांमध्येच गुठळ्या होतील. शिवाय विकले न गेलेले खोके गोळा करायचे, फोडायचे, रिकामे करायचे, नवीन खोक्यात भरायचे, आणि तळाला ५ असेल तर हे पाच वेळा. एवढ्या खटाटोपापेक्षा ताजं दूध स्वस्त पडतं.

बारकोडचीही तीच गत. नेहमीच्या तेरा आकडी बारकोडमध्ये फक्त एक क्रमांक असतो. बनवल्याची तारीख नसते, एक्स्पायरी नसते, माल कितव्यांदा पॅक केला हेही नसतं. त्यामुळे मेसेजमधली गोष्ट त्यात नोंदवायला जागाच नाही. हे क्रमांक जीएस१ ही संस्था देते. पहिले तीन आकडे त्या संस्थेच्या कुठल्या देशातल्या शाखेने क्रमांक दिला ते सांगतात, माल कुठे बनला ते नाही. २०० ते २९९ हे आकडे दुकानांना अंतर्गत वापरासाठी मोकळे ठेवलेले आहेत. दुकानात वजन करून दिलेल्या भाजीवर जी चिठ्ठी चिकटवतात तिच्यावर बहुधा हाच बारकोड असतो. सुपरमार्केटच्या काही साखळ्या स्वतःच्या ब्रँडलाही २ ने सुरू होणारा क्रमांक देतात, कारण तो माल दुसरीकडे कुठे विकायचाच नसतो. संपला विषय.

आता ‘नाकारलेला माल’. इथे मला अंदाजावर बोलायचं नाही, कारण याची फार चांगली तपासणी झालेली आहे. ब्रॉनेनबर्ग, द्युबे, गेंट्झको आणि शपिरो या चार अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०१५ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये आला. त्यांचा प्रश्न सरळ होता. ज्यांना मालातलं सगळ्यात जास्त कळतं, ते लोक स्वतःच्या घरासाठी काय विकत घेतात? अमेरिकेतल्या घरांच्या खरेदीच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. डोकेदुखीची गोळी घेताना सामान्य ग्राहक २६ टक्के वेळा नावाजलेला ब्रँड घेत होता. औषधांचं शिक्षण घेतलेले फार्मासिस्ट फक्त ९ टक्के वेळा. बाकी वेळी दुकानाची गोळी, कारण आतलं औषध आणि त्याची मात्रा तीच असते हे त्यांना ठाऊक असतं. मीठ, साखर यांसारख्या कोठीतल्या मालात शेफ मंडळींच्या खरेदीत मोठ्या ब्रँडचा वाटा, त्यांच्यासारख्याच इतर ग्राहकांपेक्षा १२ टक्केबिंदूंनी कमी निघाला. ज्यांचा दिवस स्वयंपाकात जातो ते लोक घरी दुकानाचं मीठ नेतात. हा माल टाकाऊ असता तर सगळ्यात आधी तो त्यांनी सोडला असता. मावशीच्या टाकून द्यायच्या ढिगात नेमक्या याच वस्तू होत्या.

मग स्वस्त का? जाहिरात नाही. नटनट्यांचं मानधन नाही. कारखान्याला खप आधीच ठरलेला, म्हणून रिकामी पडलेली यंत्रं कमी नफ्यावरही चालवायला तो तयार असतो. आल्डीसारखी स्वस्त सुपरमार्केटची साखळी साधारण दोन हजारांच्या आसपासच प्रकारचे जिन्नस ठेवते, तर मोठ्या सुपरमार्केटात ते दहा हजारांच्या कितीतरी पुढे जातात. जिन्नस कमी म्हणजे प्रत्येकाची खरेदी मोठी, गोदाम लहान, माणसं कमी. खोकी तशीच फाडून फळीवर ठेवतात, एकेक पाकीट मांडत बसत नाहीत. ही रीत जुनी आहे. फ्रान्सच्या कारफूरने १९७६ मध्ये ब्रँडचं नाव नसलेल्या साध्या पाकिटांतला माल आणला, कॅनडाच्या लॉब्लॉने १९७८ मध्ये पिवळ्या पाकिटांचा ‘नो नेम’ माल काढला. पाकीट साधं ठेवणं हाच तिथे पैसे वाचवण्याचा मार्ग होता.

पण दुसऱ्या बाजूचे लोक उत्तर म्हणून जे पाठवतात, की “सगळं एकाच कारखान्यातून येतं, फक्त पाकीट वेगळं”, तेही मला मान्य नाही. काही माल तसा येतो, सगळा नाही. केलॉग्जने तर ‘आम्ही दुसऱ्या कुणासाठी सीरिअल बनवत नाही’ अशी जाहिरातच केली होती. आणि कारखाना एक असला तरी कृती एक असेलच असं नाही. सॉस, तयार जेवण, बिस्किटं यांत स्वस्त पाकिटात मुख्य घटक कमी आणि पाणी, स्टार्च किंवा साखर जास्त असू शकते. शेफ मंडळींचा तो आकडा मीठ-साखरेचा आहे, तो सॉसला लावू नये. मिठात मिठाशिवाय फारसं काही नसतं, सॉसमध्ये दहा गोष्टी असतात. म्हणून तिथे पाकीट उलटून वाचायचं. कोडेक्स ही अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था, आणि अन्नाच्या लेबलांसाठीचं तिचं १९८५ चं मानक सांगतं की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. टोमॅटो सॉसमध्ये पहिला शब्द पाणी असेल तर तो स्वस्त का आहे ते तिथेच लिहिलेलं आहे.

आणखी एक गोष्ट, नाइलाजाने, मान्य करते. २०१३ मध्ये युरोपात गोमांस म्हणून विकलेल्या तयार जेवणात घोड्याचं मांस सापडलं. त्यात टेस्को आणि आल्डी या सुपरमार्केटच्या साखळ्यांच्या स्वतःच्या नावाची पाकिटं होती. मेसेजमध्ये हा प्रकार नाही, पण उद्या कुणीतरी तो पुढे करेलच. तेव्हा पुढचंही सांगा. त्याच प्रकरणात फिंडस या नावाजलेल्या ब्रँडचं लझान्याही (पास्त्याचं तयार जेवण) पकडलं गेलं, आणि ते लझान्या आणि दुकानांची ती पाकिटं लक्झेंबर्गच्या एकाच कारखान्यातून आली होती. फसवणूक पुरवठ्याच्या साखळीत झाली. महागडं नाव छापलेलं होतं म्हणून ती अडली नाही.

पाकिटावर कारखान्याचं नाव नसतं हे अर्धं खरं आहे. कोडेक्सच्या त्याच मानकानुसार बनवणारा, पॅक करणारा, वितरक किंवा विक्रेता यांपैकी एकाचं नाव-पत्ता चालतो, म्हणून बऱ्याचदा फक्त दुकानाचंच नाव दिसतं. मला स्वतःला कारखान्याचंही नाव आवडलं असतं. पण याला लपवाछपवी म्हणता येत नाही. माल खराब निघाला तर तक्रार कुणाच्या दारात न्यायची हे पाकिटावर स्वच्छ लिहिलेलं असतं.

चवीबद्दल फार लिहीत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना तेच खाणं दोन वेष्टनांत दिलं, एक साधं, एक मॅकडोनाल्ड्सचं. मुलांना मॅकडोनाल्ड्सच्या वेष्टनातलं गाजरसुद्धा जास्त चविष्ट लागलं. पाकीट दिसत असताना घेतलेली चव पुरावा म्हणून चालत नाही.

आता ते ‘लेकरांच्या पोटात कचरा’. सगळ्यात जास्त संताप मला या वाक्याचा येतो. ज्यांना परवडतं ते हा मेसेज वाचून दोन पाकिटं बदलतील आणि विसरतील. ज्या आईला परवडत नाही, तिला हा मेसेज सांगतो की तू मुलाशी वाईट वागतेस. मग ती काय करेल? महागडी वस्तू आणेल आणि पुरवून पुरवून वापरेल. बाळाच्या दुधाच्या पावडरीत हे जिवावर बेतू शकतं. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त घातलं तर बाळाची उपासमार होते, आणि फार पाण्याने रक्तातलं सोडियम घसरून झटकेही येऊ शकतात. या पावडरीत किती प्रथिनं, किती मेद, कोणती जीवनसत्त्वं हवीत याचं कोडेक्सचं मानक १९८१ पासून आहे, आणि त्यात महाग डब्यासाठी एक यादी आणि स्वस्त डब्यासाठी दुसरी असं काही नाही. नियमांत बसणारी स्वस्त पावडर, डब्यावर लिहिलेल्या मापाने कालवलेली, ही पाणी वाढवलेल्या महागड्या पावडरीपेक्षा कितीतरी चांगली. हा मेसेज पाठवणाऱ्या एकाने तरी याचा विचार केला होता का?

ज्यांना खरंच पैसे वाचवायचे आहेत त्यांनी दुकानाचं नाव पाहूनही थांबू नये. किलोमागे किंवा शंभर ग्रॅममागे भाव किती पडतो ते बघा. सवलतीतला ब्रँड कधी कधी दुकानाच्या पाकिटापेक्षा स्वस्त पडतो, आणि मोठं पाकीट दर वेळी किफायतशीर असतंच असं नाही. मीठ, साखर, साध्या गोळ्या इथे डोळे झाकून दुकानाचा ब्रँड घ्या. सॉस आणि तयार जेवण घेताना घटकांची पहिली तीन नावं वाचा. तेवढं वाचायला मेसेज फॉरवर्ड करण्याइतकाच वेळ लागतो.