कुर्ल्यांचा डेक आणि सामाईक जमीन

गणपतीला मुंबईहून येणारा चुलतभाऊ यंदा बॅगेतून रमीचे पत्ते काढणार नाही. तो एक डबी काढेल, ओटीवर रबराची चटई अंथरेल आणि विचारेल, "मॅजिक खेळतोस?" अशा वेळी "म्हणजे टोपीतून ससा?" असं विचारून घराण्याची अब्रू घालवू नका. मॅजिक: द गॅदरिंग हा रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणिती माणसाने १९९३ साली आणलेला पत्त्यांचा खेळ. प्रत्येकाने आपला निदान साठ पत्त्यांचा डेक घरूनच लावून आणायचा. साध्या जमिनी (जमीन हाही एक पत्ताच) सोडल्या तर एका नावाचे चारच पत्ते चालतात. सात पत्ते हातात घेऊन बसायचं आणि समोरच्याचे वीस जीव शून्यावर आणायचे. एवढं कळलं की माणूस इतरांना सल्ला द्यायला पात्र होतो. मी त्याच पात्रतेवर बोलतो आहे.

पहिला प्रश्न प्राण्याचा. डेक एकाच जातीच्या प्राण्यांचा लावला की त्याला थीम म्हणतात, आणि थीम असली की हरण्याला कारण लागत नाही. गॉब्लिन (बुटकी भुतं) घेतलेत तर चौथ्या-पाचव्या फेरीत जिंकून मोकळे व्हाल. मग पुढची रात्रभर करणार काय? भजनाला जाणार? जिंकणं हा गाडीचं आरक्षण दोन महिने आधी करणाऱ्या लोकांचा छंद आहे. आपल्याला तत्त्व हवं.

मत्स्यमानवांचा मोह होईल. समुद्र आपला, मासे आपले, शिवाय जाणते खेळाडू त्या डेकला सरळ 'फिश' म्हणतात. पण त्यात एक खोट आहे. अगदी १९९३ च्या पहिल्या संचापासून त्यांना एक राजा आहे, लॉर्ड ऑफ अटलांटिस. तो पटावर आला की बाकीच्या प्रत्येक मत्स्यमानवाची पॉवर (मारायची ताकद) आणि टफनेस (मार सोसायची ताकद) एकेकाने वाढते, आणि समोरच्याकडे एखादं बेट (जमिनीचाच एक प्रकार) असेल तर त्यांना कोणी अडवूही शकत नाही. एक जण पुढे गेला आणि त्यामुळे सगळ्या भावकीचं बळ वाढलं, असं तुमच्या वाडीत शेवटचं कधी झालं? कल्पनारम्य खेळ असला म्हणून काय वाटेल ते मानायचं?

म्हणून कुर्ली. रत्नागिरीच्या वरचे वाचक हवं तर चिंबोरी म्हणोत.

हेड्रॉन क्रॅब हा पत्ता २००९ चा. किंमत एक निळा मॅना (पत्ता उतरवायचं चलन), टफनेस दोन, पॉवर शून्य. म्हणजे ती चावत नाही. पण तिच्यावर लँडफॉल नावाचं कलम आहे: तुमच्या बाजूला जमीन आली की तुम्ही सांगाल त्या खेळाडूच्या डेकमधले वरचे तीन पत्ते थेट कब्रस्तानात, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात. हे वाचलं आणि हा पत्ता रचणारा माणूस मूळचा राजापूर-लांज्याकडचाच असणार, अशी माझी खात्री पटली. माझ्या नावावर जमीन चढली की तुझं काहीतरी उतरतं, हे आपण जन्मापासून बघतो, त्याने फक्त त्यावर चित्र काढलं. २०२० साली तिची धाकटी बहीण आली, रुइन क्रॅब. टफनेस तीन, आणि ती एकाचं नाही, समोर बसलेल्या सगळ्यांचं घालवते.

इथे तुम्हाला टोपलीतल्या खेकड्यांची ती गोष्ट आठवली असेल. प्रत्येक सत्कारात एक तरी पाहुणा ती सांगतोच, तेव्हा इथे नको. शिवाय ती लागूही पडत नाही. या कुर्ल्या कोणाचे पाय ओढत नाहीत. त्या बिळाच्या तोंडाशी बसून समोरच्याचं गाठोडं तीन-तीन पत्त्यांनी रिकामं होताना बघतात. याला आपल्याकडे दावा लावणं म्हणतात.

आता जमिनी. नवखा माणूस डेक लावताना जमिनी कमी घालतो, कारण त्यांच्यावर दात नसतात, पंख नसतात. मग हातात सात राक्षस येतात आणि पटावर एकही उतरत नाही, कारण मॅना जमिनीतून निघतो. साठात चोवीस जमिनी घातल्या तर सुरुवातीच्या सात पत्त्यांत सरासरी २.८ हाती येतात. हे पॉइंट आठ ऐकून तुम्ही दचकणार नाही याची मला खात्री आहे. ज्याच्या सातबाऱ्यावर बेचाळीस नावं आहेत आणि स्वतःच्या वाट्याला एका माडाची सावली येते, तो अपूर्णांकांना भीत नाही.

नियम असा की एका फेरीत हातातून एकच जमीन लावता येते. हा नियम महसूल खात्यालाही सुचला नाही. पण त्यावर पळवाट आहे, असायचीच. इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स ही जमीन लावा, लँडफॉल झाला. मग तिचा बळी देऊन डेकमधून साधी जमीन शोधून काढा आणि ती पटावर ठेवा. पुन्हा लँडफॉल. एका गुंठ्याचे दोन दस्त. समोरच्याच्या साठातले सात हातात गेले, उरले त्रेपन्न. तीन-तीनने अठरा दस्त झाले की त्याचा डेक संपला, आणि पत्ता ओढायची वेळ आली असताना डेक रिकामा असेल तर तो हरतो. दिवाणी दाव्याच्या मानाने हे फारच झटपट आहे. फक्त तोपर्यंत तुम्ही गॉब्लिनांकडून दोन-तीनदा मेलेले असता, एवढाच काय तो विलंब.

पत्ते विकत घेताना बाजारातली सवय सोडू नका. आपण कुर्ली हातात घेऊन तोलतो. अमावास्येची भरलेली, पौर्णिमेची पोकळ, हे कोळणीला आपणच सांगतो आणि ती आपल्याकडे बघून हसते. चौदा-पंधरा पत्त्यांचं बंद पाकीटही तसंच तोला. हसू नका, आत चमकीचा पत्ता आहे का हे ओळखायला लोकांनी खरोखर काट्यावर पाकिटं तोलली आहेत. तरीही पोकळ पाकीट निघालं तर आत्या येईल, चित्र निरखेल आणि म्हणेल, "अरे मेल्या, इतक्या पैशात टोपलीभर जित्यो कुर्ल्यो इल्यो असत्यो." तिला सांगा की गणपती घरात असताना चालणारी ही एकमेव कुर्ली आहे. ती गप्प बसेल. पटलं म्हणून नव्हे, तुमच्या आईला जाऊन सांगायला.

महागड्या जमिनी परवडत नसतील तर झेरॉक्सवाल्याकडे जा. घरच्या खेळात छापील नक्कल चालते, स्पर्धेत चालत नाही. तुम्ही फक्त म्हणा, "जमिनीचे चार कागद छापायचे आहेत." तो वर न बघता विचारेल, "सातबारो काय आठ-अ?"

चमकीच्या, म्हणजे फॉइल पत्त्यांबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण हे पत्ते रचणाऱ्यांनी आपला श्रावण पाहिलेला नाही. पत्त्याचा कागद हवेतलं पाणी पितो, वरची चमकी पीत नाही. मग एक बाजू फुगते, दुसरी फुगत नाही, आणि सातासमुद्रापलीकडून आलेला दुर्मीळ पत्ता पोह्याच्या पापडासारखा वळतो. एकदा वळलेला पत्ता डेकमध्ये लांबूनही ओळखू येतो, म्हणजे चोरी न करता चोर. उपाय म्हणून प्लॅस्टिकच्या स्लीव्ह घाला, औषधांच्या बाटलीतल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या जमवा आणि स्टीलच्या डब्यात तांदळाशेजारी डेक ठेवा. डब्यावर नाव लिहून ठेवा. माझा अर्धा दिवस उकड्या तांदळातून रुइन क्रॅब निवडण्यात गेला आहे.

बसायची रीत थोडक्यात. प्राणी किंवा जमीन वापरली की पत्ता आडवा करतात, त्याला टॅप करणं म्हणतात. कुर्लीच्या बाबतीत हे विशेष शोभून दिसतं, ती जन्मतःच आडवी चालते. यावर सावंतवाडीचे काका नक्की बोलणार. "तुमच्या आधी आमच्याकडे होतं हे," म्हणतील. ते खरंही आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले, लाखेचे, गोल पत्ते. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, एकूण १२०. मत्स्य आला, कूर्म आला, वराह आला. यापेक्षा चांगला प्राण्यांचा डेक जगात कोणी लावला? काकांना मान द्या, आणि मग सौम्यपणे विचारा की गोल पत्ता आडवा कसा करायचा. त्यांचा चहा गार होईपर्यंत तुम्हाला दोन फेऱ्या मिळतील.

पहिला डाव चुकून जिंकलात तर सावध व्हा. दोन डावांच्या मध्ये राखीव पंधरा पत्त्यांतून डेक बदलता येतो, आणि चुलतभाऊ त्यातून उलामोग, द इन्फिनिट गायर घालेल. तो पटावर आणायला अकरा मॅना लागतात, गॉब्लिनवाल्याला ते सात जन्मांत जमणार नाही. जमायची गरजच नाही. तुमच्या कुर्लीने उलामोगला कब्रस्तानात ढकललं की त्याचा मालक आपलं अख्खं कब्रस्तान पुन्हा डेकमध्ये पिसून टाकतो. चाळीस पत्त्यांची मेहनत एका क्षणात शून्य. हा अनुभव तुम्हाला नवा नाही. सगळे हिस्सेदार जुळवले, सह्या घेतल्या, फेरफाराची नोटीस लागली, आणि आजवर ज्याचा कोणाला पत्ता नव्हता तो आजोबांच्या सावत्र भावाचा नातू डोंबिवलीहून हरकतीचा अर्ज घेऊन हजर. त्याला उलामोग म्हणतात हे फक्त आता कळलं.

यावर माझ्याकडे उतारा होता. चॅरिक्स, द रेजिंग आयल. २०२० चीच, बेटाएवढी कुर्ली. चार मॅना, पॉवर शून्य, टफनेस सतरा. समोरच्याने तिच्यावर मंत्र टाकायचा म्हटला तर त्याला दोन मॅना जास्तीचे मोजावे लागतात, मुद्रांक शुल्कासारखे. आणि तीन मॅना भरले की जितकी बेटं तुमच्याकडे, तितकी तिची पॉवर त्या फेरीपुरती वाढते आणि तितकीच टफनेस उतरते. पुन्हा तीन भरा, पुन्हा तेच.

चौथ्या रात्री वीज गेलेली, समईच्या उजेडात आम्ही बसलो होतो. चुलतभावाचे जीव सोळा. चार त्याने स्वतःच्याच महागड्या जमिनींपायी घालवले होते. त्याची सगळी गॉब्लिनं मागच्या फेरीत हल्ला करून आडवी पडलेली. अडवायला कोणी नाही. माझ्याकडे आठ बेटं. दोनदा तीन मॅना भरायचे, आठ आणि आठ सोळा, टफनेस एक उरते, खेळ खलास. शाळेत गणितात पस्तीस मिळवलेल्या माणसालाही हे दिसत होतं.

पण माझ्या हातात नववं बेट होतं. आणि हातात आलेली जमीन लावायची नाही, हे आमच्या घराण्यात कोणी केलेलं नाही. मी ते आधी लावलं. बाजूला रुइन क्रॅबही बसली होती, तिने त्याचे तीन पत्ते उडवले, मला बरं वाटलं. मग चॅरिक्सला आडवी करून हल्ल्याला पाठवली. तीन मॅना. नऊ पॉवर, आठ टफनेस. आणखी तीन मॅना. अठरा पॉवर.

चुलतभाऊ समईकडे सरकला आणि पत्ता पुन्हा वाचू लागला. सतरातून अठरा गेले, असं तो अगदी हळू आवाजात म्हणाला. मग चॅरिक्स स्वतःच्या हाताने उचलून माझ्या कब्रस्तानात ठेवली, वर नीट सरळही केली.

माजघरातून आत्याने विचारलं, "मेली काय रे ती?"

मी काही बोललो नाही.

"मरांदे. विसर्जनाआधी घरात शिजूची नायच होती."