‘डिस्क स्वस्त झाली, आता नॉर्मलायझेशन कशाला?’ हे का पटत नाही

डेव्हलपर मंडळींत एक मेसेज फिरतोय: नॉर्मलायझेशन (डेटाबेसातली एकेक माहिती एकाच जागी राहील अशी वेगवेगळ्या टेबलांत विभागणं) जागा वाचवण्यासाठी होतं, आता डिस्क स्वस्त आहे, जॉइनमुळे, म्हणजे ती टेबलं पुन्हा जोडून वाचल्यामुळे, सॉफ्टवेअर हळू चालतं, सगळं एकाच टेबलात ठेवा. लातूरच्या आडत दुकानांसाठी मी सॉफ्टवेअर करतो. नवी पोरं हेच ऐकून कामाला येतात, म्हणून लिहितोय.

आधी जागेचं. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांच्या रूपात ठेवण्याची पद्धत) मांडलं आणि १९७१ मध्ये दुसरा व तिसरा नॉर्मल फॉर्म, म्हणजे नॉर्मलायझेशनच्या पायऱ्या. त्यांचा रोख नोंद घालताना, बदलताना, काढताना होणाऱ्या घोटाळ्यांवर होता.

तो घोटाळा मी पाहिलाय. एका दुकानाचं सगळं एकाच टेबलात: पावती नंबर, शेतकरी, मोबाइल, तालुका, जिल्हा, माल, कट्टे, वजन, दर. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव झालं. मुनीमजी नव्या पावत्यांवर धाराशिव लिहू लागले, जुन्या तशाच राहिल्या. जिल्हावार आवक काढली, तर तुळजापूरचं सोयाबीन दोन जिल्ह्यांत वाटलेलं! त्यात ‘उस्मानाबाद’ तीन तऱ्हांनी टाइप केलेलं. जिल्ह्यांचं टेबल वेगळं असतं तर एक ओळ बदलून भागलं असतं. शिवाय एखाद्या शेतकऱ्याची एकुलती एक पावती काढून टाकली की त्याचा मोबाइल नंबरही गेलाच.

तालुका ठरला की जिल्हा ठरतो; एका माहितीवरून दुसरी अशी ठरते, तिला फंक्शनल डिपेंडन्सी म्हणतात. पण ती हातातला डेटा बघून ठरवू नका. तुमच्या पावत्यांत धाराशिवचंच कळंब असेल, तर नुसत्या नावावरून जिल्हा ठरतो असं वाटेल. यवतमाळच्या कळंबचा पहिला शेतकरी आला की ते कोसळतं. म्हणून तालुक्याला कोड द्या.

जॉइनचं म्हणाल, तर अख्ख्या मराठवाड्यात तालुके ७६. एवढं टेबल मेमरीत सहज मावतं. रिपोर्ट रखडतो तेव्हा मी आधी फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या रकान्यावर) इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन शोधायची सूची, आहे का ते बघतो. बहुतेक वेळा नसतोच. मोठ्या रिपोर्टसाठी सारांशाचं वेगळं टेबल जरूर करा, फक्त मूळ नोंद कुठली हे पक्कं असू द्या.

‘मग दर पावतीतच का ठेवता?’ असंही विचारतात. कारण तो त्या सौद्याचा दर आहे. उद्या बाजार चढला तरी कालच्या हिशेबपट्टीवरचा आकडा बदलत नाही. ती पावतीचीच माहिती आहे, कशाची नक्कल नव्हे.