फ्रीज, टूथपेस्ट आणि तापणारा कॉम्प्युटर: त्या फॉरवर्डला उत्तर

‘कॉम्प्युटर अचानक बंद पडतोय? दुकानात पैसे घालवू नका, हे पाच उपाय करा’ असा मेसेज उन्हाळा लागला की ग्रुपांवर फिरायला लागतो. माझा मावसभाऊ अकोल्यात लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. ऐन लग्नसराईत त्याचा पीसी रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावला की बंद पडायला लागला. मला फोन करायच्या आधीच त्याने त्या मेसेजमधला एक उपाय करून टाकला होता आणि वर विचारत होता, ‘दादा, ताईचा लॅपटॉपपण तापतो, तो फ्रीजमध्ये किती वेळ ठेवू?’ आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं असं: 60 अंशांच्या पुढे प्रोसेसर जळतो; थर्मल पेस्टऐवजी (प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमध्ये लावायचा लेप) टूथपेस्ट लावा; लॅपटॉप दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा; बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन थर्मल प्रोटेक्शन बंद करा; कॅबिनेटचं झाकण काढून टेबल फॅन लावा.

सगळ्यात घातक चौथा, म्हणून आधी तोच घेतो. मशीन या संरक्षणामुळे बंद पडतं, तेव्हा संरक्षणच काढा, असं हे तर्कट आहे. प्रोसेसरच्या आतच तापमान मोजणारे सेन्सर असतात. ठरलेली मर्यादा आली की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही पारा चढतच राहिला, तर शेवटी वीज तोडायला लावतो. ही सोय नसली तर काय होतं ते 2001 साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चित्रित करून दाखवलं आहे. गेम चालू असताना त्यांनी प्रोसेसरवरचा हीटसिंकच, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळाच, उचलला. इंटेल कंपनीच्या पेंटियम 4 चा वेग पडला, गेम रखडत चालला, पण मशीन बंद पडलं नाही. पेंटियम 3 हँग झाला, पण वाचला. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या तेव्हाच्या अ‍ॅथलॉनमधून मात्र धूर निघाला आणि तो कायमचा गेला. स्वतःहून वेग कमी करण्याची सोय त्याच्यात नव्हती. पुढे एएमडीनेही ती दिली. आणि आज आपण ती हाताने बंद करायची?

आजच्या बहुतेक प्रोसेसरांत वीज तोडण्याची शेवटची पायरी वापरणाऱ्याला बंद करता येत नाही, हे आपलं नशीब. पण त्याआधीची, वेग कमी करण्याची पायरी काही लॅपटॉपांत सॉफ्टवेअरने सैल करता येते. प्रोसेसरला वीज पुरवणारं सर्किट तापलं की तेही याच वाटेने ‘हळू चल’ असा इशारा देऊ शकतं. तो इशारा बंद केलात, तर प्रोसेसर धडधाकट राहील आणि मदरबोर्ड जाईल.

आता फ्रीज. बर्फाच्या पाण्याच्या ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं, तेच फ्रीजमधून काढलेल्या लॅपटॉपच्या आत होतं. खोलीत 30 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल, तर साधारण 24 अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. फ्रीजमध्ये असतात चार-पाच अंश. ओल्या सर्किटवर तुम्ही पॉवरचं बटण दाबणार. कोकणात तर विचारायलाच नको. बरं, एवढं करून मिळणार काय? जड काम सुरू केलं की प्रोसेसर काही सेकंदांत तापतो. दहा मिनिटांचा गारवा त्याला पुरत नाही.

60 अंशांची गोष्ट निव्वळ थाप. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा 100 अंश आहे, एएमडीच्या रायझन 7000 मालिकेतल्या बहुतेकांची 95, आणि एएमडी स्वतः सांगते की पूर्ण भारावर 95 गाठणं हे त्यांच्या रचनेला धरूनच आहे.

टूथपेस्टबद्दल नाइलाजाने एक कबूल करतो: पहिले काही दिवस ती चालते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली बारीक हवा भरून काढणं एवढंच पेस्टचं काम, आणि ओली टूथपेस्ट ते करते. पण तिच्यात पाणी असतं, ते उडून जातं. भावाला व्हिडिओ कॉलवर प्रोसेसरचा कूलर (हीटसिंक आणि त्यावरचा पंखा) काढायला लावला, तर खाली पांढरा खपला धरला होता, नखाने खरवडला की भुगा पडत होता. पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीची जाड वाकळ होती. खरा दोष मात्र मी कूलर काढायला सांगण्याआधीच दिसला होता: कूलरच्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांपैकी एक बोर्डातून वर आली होती, म्हणजे तो एका बाजूने टेकतच नव्हता. इंटेलच्या प्रोसेसरसोबत डब्यात मिळणाऱ्या कूलरचं हे नेहमीचं दुखणं. धूळ काढली, नवी पेस्ट लावली, चारही खुंट्या ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबल्या आणि रेंडर पार पडला.

टेबल फॅनचा उपाय तात्पुरता खरा आहे. झाकण काढल्यावर मशीन टिकत असेल, तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही एवढं कळतं. बाहेर 43 अंश असताना आतलं तापमान 28 च्या खोलीपेक्षा साधारण तेवढ्याच फरकाने चढणार, हेही खरं.

आणि बंद पडणारं प्रत्येक मशीन तापलेलं नसतं, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. एचडब्ल्यूइन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर लावून, भार देऊन प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा बघा. जेमतेम 70 अंश असतानाच बंद पडत असेल, तर संशय आधी एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) घ्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीमध्ये ‘कर्नल-पॉवर 41’ दिसतं, त्याचा अर्थ मशीन नीट शटडाउन न होता थांबलं, एवढाच. कारण त्यात नसतं. तुमचा डेस्कटॉप प्रोसेसर इंटेलच्या 13 व्या किंवा 14 व्या पिढीतला असेल, तर आधी बायोस अपडेट करा. जास्त व्होल्टेजमुळे यांतले बरेच प्रोसेसर खराब होत होते, हे इंटेलने 2024 मध्ये मान्य केलं. अपडेटने पुढचं नुकसान टळतं, पण आधीच बिघडलेला प्रोसेसर सुधारत नाही. अशांची वॉरंटी इंटेलने आणखी 2 वर्षं वाढवली आहे. बिल शोधून ठेवा आणि बदली मागा.