पांढऱ्या पेशींना कुंडली नसते

इंदूरमधल्या आमच्या मराठी ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘पेशीचं काम डीएनएच्या कुंडलीत जन्मतःच ठरतं, ते बदलत नाही. हा काढा महिनाभर घ्या. पांढऱ्या पेशी दुप्पट, प्रतिकारशक्ती दुप्पट.’ परवा रामबागेतल्या शेजारच्या काकू रिपोर्ट नाचवत आल्या. पांढऱ्या पेशी 15,200. ‘काढा लागू पडला गं!’

आधी कुंडलीचं बोलू. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज स्लाइड बघते. लिशमन स्टेन (पेशींना रंग देणारं द्रव्य) दिला की रक्ताच्या एकाच थेंबात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचं केंद्रक तीन-चार पाकळ्यांचं दिसतं आणि बाजूच्याच लिंफोसाइट या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशीचं गोल, गच्च, गडद जांभळं. दोघी अस्थिमज्जेतल्या एकाच जातीच्या मूळ पेशींच्या लेकी, डीएनएही जवळजवळ तोच. (जवळजवळ म्हटलं, कारण बी आणि टी पेशी, म्हणजे लिंफोसाइटचेच दोन प्रकार, जंतू ओळखणाऱ्या आपल्या रिसेप्टरची जनुकं कापून नव्याने जोडतात.) फरक आहे तो कोणती जनुकं वाचली जातात याचा. डीएनएवर ठरावीक जागी बसून काही जनुकं चालू करणारी, काही गप्प बसवणारी प्रथिनं असतात, ती म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर.

‘बदलत नाही’ हेही चूक. 2004 मध्ये थॉमस ग्राफ यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या बी पेशींत सी/ईबीपी-अल्फा हा एकच फॅक्टर घातला, तर त्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, झाल्या. 2007 मध्ये व्हिएन्नात माइनराड बुसलिंगर यांच्या गटाने तयार बी पेशींतून पॅक्स5 हा फॅक्टर काढून घेतला. त्या पेशी मागे फिरल्या, अर्धवट घडलेल्या अवस्थेत गेल्या आणि पुढे त्यांच्यातून टी पेशी निपजल्या! म्हणजे बी पेशीला बी पेशी म्हणून टिकायलाही पॅक्स5 सतत हजर लागतो. इतक्या वर्षांनंतरही हा प्रयोग आठवला की मी थक्क होते.

राहिला ‘दुप्पट’चा दावा. फॉक्सपी3 हा फॅक्टर रेग्युलेटरी टी पेशी घडवतो. इतर पेशींना आवरणं हे त्यांचं काम. हे जनुक बिघडलेल्या तान्ह्या मुलांत बचावाच्या पेशी स्वतःच्याच आतड्यावर, त्वचेवर, स्वादुपिंडावर तुटून पडतात. त्या बाळांकडे लढणाऱ्या पेशी कमी नसतात, लगाम नसतो. याच शोधांसाठी 2025 चं वैद्यकाचं नोबेल ब्रन्को, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं.

मोठ्या माणसात दर मायक्रोलिटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण 4,000 ते 11,000 असतात. काकूंच्या रिपोर्टवर न्यूट्रोफिल 86 टक्के होते, म्हणजे काढ्याचा गुण नव्हे, जंतुसंसर्गाची शंका. विचारलं तेव्हा म्हणाल्या, दोन दिवस थंडी वाजतेय, लघवीला जळजळ होतेय. मी त्यांना तशीच स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडे नेलं.