आधी उंची, मग रिम

विषय निघाला पक्याच्या रिमवरून. गाडी बीएमडब्ल्यूची ३ सिरीज, एफ३० पिढीची. रिम १९ इंची, त्याही ३ सिरीजच्याच, पण पुढच्या जी२० पिढीच्या. पक्याचा हिशेब सरळ होता: कंपनी तीच, मॉडेल तेच, मग बसायला हरकत काय?

"हरकत हबवरच आहे, रिम जिथे बसते तिथेच," बंड्या म्हणाला. "एफ३० चा पीसीडी, म्हणजे बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, ५×१२०, जी२० चा ५×११२. एफ३० ला रिमचं मधलं भोक ७२.६ मिलीमीटरचं लागतं, जी२० च्या रिमचं ६६.६ चं असतं. बोल्ट राहू देत, रिम हबवर चढणारच नाही."

"हब आणि रिमच्या मधे ॲडॅप्टरची चकती लावतात की लोक. पंधरा मिलीमीटरची."

"मग ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर, ज्याला ईटी लिहितात, तो पंधराने घसरला. ईटी २७ ची रिम गाडीवर ईटी १२ होऊन बसली. चाक फेंडरच्या बाहेर, बेअरिंगवर जास्त भार, आणि स्क्रब रेडियस, म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला भेटतो तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर, बदलल्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा झटका थेट स्टिअरिंगला."

अण्णा इतका वेळ ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "रिमचं नंतर बघू. गाडी खाली किती घेणार आहेस?"

"चाळीस मिलीमीटर. फक्त स्प्रिंग बदलायच्या, शॉकअप कंपनीचेच."

खरा वाद इथे पेटला. अण्णांचं म्हणणं असं की शॉकअपचा दांडा आत जायला जेवढी जागा आहे, त्यातली चाळीस मिलीमीटर पक्या गाडी उभी असतानाच उडवतोय. उरलेल्या जागेत बंप स्टॉप, म्हणजे दांडा शेवटी ज्यावर टेकतो तो रबरी ठोकळा, आला. वळणात गाडी झुकली की बाहेरच्या बाजूचं चाक त्या बंप स्टॉपवर टेकतं, त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो आणि टायर पकड सोडतो. "लोअरिंग स्प्रिंग कडक आहे" अशी जी तक्रार ऐकू येते, ती पुष्कळदा स्प्रिंगची नसून बंप स्टॉपची असते.

"पण अण्णा, स्प्रिंग कडक घेतली की दबेल कमी," पक्याने मुद्दा सोडला नाही.

"किती कडक, ते बघ," बंड्या म्हणाला. "एका कोपऱ्यावर स्प्रिंगने उचललेलं वजन ४०० किलो धर. चाकापाशी कडकपणा मिलीमीटरला ४० न्यूटन असेल तर गाडीची वर-खाली डोलण्याची वारंवारता येते १.६ हर्ट्झच्या आसपास. स्पोर्ट सेडानला ती शोभते. ६० न्यूटन केलास की जवळजवळ १.९५ हर्ट्झ. गुळगुळीत रस्त्यावर मजा येईल, तुटक्या रस्त्यावर चाक उड्या मारेल. आणि कंपनीच्या शॉकअपचं रिबाउंड, म्हणजे स्प्रिंग परत उसळताना तिला रोखणं, जुन्या स्प्रिंगच्या मापाचं आहे. नवी स्प्रिंग उलटी फेकते तेव्हा त्याला ती आवरत नाही, म्हणून गतिरोधकानंतर गाडी झुलत राहते."

पक्याकडे कॉइलओव्हरचाही (उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकअपची जोडी) पर्याय होता, पुढे ७ आणि मागे ७ किलो प्रति मिलीमीटरचा. आकडे सारखे म्हणून समतोल चांगला, असं त्याला वाटत होतं. हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. पुढे स्ट्रट आहे (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात), स्प्रिंग चाकाच्या जवळ. मोशन रेशो, म्हणजे चाक एक मिलीमीटर हललं की स्प्रिंग किती दबते ते प्रमाण, ०.९५ धरला तर त्याचा वर्ग ०.९, म्हणजे चाकापाशी ६.३ किलो. मागे पाच आर्मचं सस्पेन्शन, स्प्रिंग आर्मवर बरीच आत बसलेली. तिथे रेशो ०.६ धरला तर वर्ग ०.३६ आणि चाकापाशी उरतात २.५ किलो. त्यामुळे स्प्रिंगवर छापलेल्या आकड्यांची तुलना चाकापाशी आणल्याशिवाय करूच नये.

अण्णांनी आणखी एक गोष्ट काढली. स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्मचं (हबला खालून धरणारा आडवा दांडा) बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा खाली असायला हवं. गाडी फार खाली घेतली की आर्म आडवा होतो, मग उलटा वर चढतो. गाडीचा गुरुत्वमध्य जेवढा खाली येतो, त्याहून जास्त रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, खाली जातं. दोघांमधलं अंतर वाढलं की गाडी खाली असूनही तिला झुकायला जोर जास्त मिळतो. "वीस ते पंचवीस मिलीमीटर," अण्णा म्हणाले, "आणि स्प्रिंग-शॉकअप एकमेकांसाठी बनवलेली जोडीच घे. त्याखाली गेलास की आर्म, बॉल जॉइंट, सगळंच बदलत बसशील."

पक्या पंचविसावर आला, पण १९ इंचावर ठाम राहिला. त्यात तो चुकतही नव्हता. या गाडीला २२५/४५ आर१८ टायरचा व्यास ६५९.७ मिलीमीटर आणि २२५/४० आर१९ चा ६६२.६. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, स्पीडोमीटरला धक्का नाही. बंड्याचा आक्षेप टायरच्या भिंतीवर होता. ती १०१ वरून ९० मिलीमीटरवर येते, आणि खड्ड्यात रिमची आतली कड वाकते ती त्याच अकरा मिलीमीटरच्या अभावी. माझं मत बंड्याकडे झुकतं. त्याच किमतीत १८ ची फ्लो-फॉर्म्ड रिम (ओतल्यावर कड लाटून पातळ आणि मजबूत केलेली) साधारणपणे १९ च्या ओतीव रिमपेक्षा हलकी मिळते. चाकाचं वजन कमी झालं की शॉकअपचं काम सोपं होतं. टायरचा लोड इंडेक्स (एक टायर किती भार पेलतो त्याचा क्रमांक) मात्र कंपनीने सांगितलेल्यापेक्षा खाली नेऊ नये. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९३ म्हणजे ६५०. रिमच्या आतल्या बाजूलाही भार कोरलेला असतो, तो वाचून घ्यावा.

रुंदीचा हिशेब बंड्याने तिथल्या तिथे करून दाखवला. मूळची रिम ८जे, म्हणजे आठ इंच रुंद, ईटी ३४. तिच्या जागी ८.५जे ईटी ३५ घेतली तर अर्ध्या इंचाचा निम्मा भाग, म्हणजे ६.३५ मिलीमीटर, दोन्ही बाजूंना वाढतो. ऑफसेट एकने वाढल्यामुळे आत ७.३५ आणि बाहेर ५.३५. पक्याने पाहिलेली दुसरी रिम ९.५जे ईटी २२ होती. ती आत सातच मिलीमीटर जास्त घेते म्हणून निर्धोक वाटते, पण बाहेर ३१ मिलीमीटर सरकते.

"म्हणून आधी सस्पेन्शन बसव," अण्णा म्हणाले. "कॉइलओव्हरचं अंग कंपनीच्या स्ट्रटपेक्षा जाड असू शकतं, आतली जागा तिथेच ठरते. हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोज. जमिनीपासून मोजू नकोस, टायर बदलला की ते माप खोटं ठरतं. लोअर आर्मचे बोल्ट गाडी हवेत असताना पक्के करू नकोस. रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. हबखाली जॅक लावून गाडी चालती उंचीवर आण, मग टॉर्क दे."

रिम मागवण्याआधी एक चाचणी व्हावी. स्प्रिंग काढून, बंप स्टॉप ठेवून स्ट्रट पुन्हा बसवायचा, चाक लावायचं आणि हब जॅकने बंप स्टॉप दबेपर्यंत वर न्यायचा. त्या अवस्थेत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. टायर कुठे घासतो ते दिसतं. मोठा कॅलिपर (ब्रेकची डिस्क आवळणारा भाग) असेल तर त्याचा कागदी साचा रिमच्या आतून फिरवून पाहावा. बॅलन्सिंगची चिकट वजनं विसरू नयेत. स्पोक कॅलिपरला न लागता फिरतो, पण वजन कॅलिपरवर घासून उडतं, मग स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि बोल अलाइनमेंटला बसतो.

बोल्ट एम१४×१.२५, टॉर्क १४० न्यूटन-मीटर, पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचा. स्पेसर लावला तर बोल्ट तेवढ्याच मापाने लांब हवा.

"आणि अलाइनमेंट?" पक्याने विचारलं.

"बसवल्या दिवशी टो, म्हणजे चाकांची टोकं आत-बाहेर वळलेली असणं, सरळ करून घे, नाहीतर स्प्रिंग बसेपर्यंत टायर खाऊन टाकेल. काही शे किलोमीटरनंतर पूर्ण अलाइनमेंट. आधी मागचं, मग पुढचं, कारण गाडी सरळ जाण्याची दिशा मागची चाकं ठरवतात. पुढे कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, उणे दीड अंशापर्यंत चालेल. मागे गाडी खाली आल्यावर तो आपोआप वाढतो, तो दोन्ही बाजूंना सारखा आहे ना एवढं बघ. हेडलाइटची लेव्हल पुन्हा लावून घे, आणि काचेमागे कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशनही."