जुन्या करवह्या रद्दीत घालाव्यात का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार, पण तुमचं म्हणणं मला पटलं नाही. तुम्ही म्हणता जन्ममृत्यूची रजिस्टरं जपली की झालं, करवसुलीच्या नि परवान्यांच्या वह्यांमधले आकडे वार्षिक अहवालात आलेलेच असतात, मग ते कुजके कागद स्कॅन करून फेकून का नाही द्यायचे, शिवाय त्यात लोकांची खाजगी माहिती असते ती वेगळीच.

अहो, अहवालात आकडे येतात, नावं कुठे येतात? आयर्लंडमध्ये हेच झालं. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे मूळ कागद सरकारनेच नष्ट करायला लावले, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगद्यात गेले, आणि त्याआधीच्या जनगणनांचं बहुतेक सगळं १९२२ मध्ये डब्लिनच्या रेकॉर्ड ऑफिसच्या आगीत जळालं. मग आज तिथला माणूस आपला खापरपणजोबा शोधतो कुठे, तर ग्रिफिथ्स व्हॅल्युएशनमध्ये, म्हणजे १८४७ ते १८६४ मध्ये कर ठरवण्यासाठी केलेल्या याद्यांमध्ये! त्यात जमीन कोणाच्या ताब्यात, ती कोणाकडून घेतलीय एवढंच, बायकापोरांची नावं नाहीत, तरी गाव सापडतं, शेजारी कोण ते कळतं आणि तिथून पुढचा माग काढता येतो. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचंही तेच, १९२१ च्या आगीत बराच भाग गेला, उरलेली पानं नंतर सरकारी मंजुरीनेच नष्ट झाली आणि आता लोक स्थानिक करयाद्या धुंडाळतात. त्या याद्या लिहिणाऱ्या कारकुनाच्या डोक्यात वंशावळ नव्हती हो, पुढे कोण काय शोधेल हे त्या वेळी कोणालाच कळत नाही.

खाजगी माहितीचा मुद्दा मात्र मान्य, तो हलका नाहीये. पण त्यासाठी कागद काही काळ बंद ठेवता येतात, ब्रिटनमध्ये जनगणनेतली नावं १०० वर्षं उघड करत नाहीत, अमेरिकेत ७२. आणि स्कॅन जरूर करा, पण समासातली टीप कापली गेली, पान पुसट आलं तर पडताळायला मूळ वही लागतेच.

तुमच्या ओळखीच्या ऑफिसात रद्दी निघत असेल तर परस्पर उचलू नका, आधी लेखी विचारा, जवळच्या अभिलेखागाराला कळवा, आणि वह्या मिळाल्याच तर त्यांचा क्रम मोडू नका, कुठल्या खात्यातून आल्या ते लिहून ठेवा आणि फाटलेल्या पानांना सेलोटेप तर अजिबात लावू नका.